नवव्या प्रश्नापासून

संपादकांचा फोन आला, "काका, दुकानातल्या गमतीजमती लिहा. दिवाळीत लोक चार घटका हसतील." तीसेक वर्षं बोईसरला पुस्तकांचं दुकान चालवलं म्हणजे गमती असणारच. आहेत. त्या आधी देतो. ही दुकानदाराची सवय आहे, वहीबरोबर एक खोडरबर फुकट दिला की गिऱ्हाईक जरा जास्त वेळ रेंगाळतं. पुढे जे सांगायचं आहे त्यात हसण्यासारखं काही नाही, आणि ते आजवर मी दोन माणसांखेरीज कुणाला सांगितलेलं नाही.

माझ्या दुकानाला पाटी होती, पाटीवर नाव होतं, पण ते कुणी वाचलं असेल असं वाटत नाही. सगळा गाव मला गाईडवाले काका म्हणायचा. मूळचा मी माकुणसारचा, वडील प्राथमिक शिक्षक. मीही शिक्षकच व्हायचो, पण नोकरी लागली नाही आणि पुस्तकं विकायला बसलो. सुरुवातीला पाठ्यपुस्तकं, वह्या, नकाशे. मग पालघर जिल्हा झाला, कोळगावला सरकारी कार्यालयं उभी राहिली, बदलून आलेले साहेब लोक आले, इकडे तारापूरच्या कारखान्यांत माणसं वाढली आणि त्या सगळ्यांच्या पोरांसाठी खाजगी शाळा निघाल्या. शाळा निघाल्या म्हणजे प्रवेश परीक्षा आल्या. परीक्षा आल्या की गाईडं येणारच.

बाहेरच्या माणसाला वाटतं, गाईड म्हणजे गाईड, एक उचललं की झालं. अहो, नाही! जाडजूड गाईड असतं, त्यात प्रत्येक धड्याचं स्पष्टीकरण असतं. ते हळूहळू शिकणाऱ्या पोराला द्यायचं आणि किमान सहा महिने आधी द्यायचं. नुसता प्रश्नसंच असतो. तो ज्याचा अभ्यास झालेला आहे त्याला. आणि तिसरी जात असते, वर चकचकीत कव्हर आणि आत तीन जुन्या पुस्तकांची खिचडी. ती ओळखायची खूण सांगतो. पुस्तक मागून उघडायचं. उत्तरांच्या पानांवर ज्याने मेहनत घेतली असेल, त्याने पुढेही घेतलेली असते. प्रकाशकांच्या प्रतिनिधींना माझी ही खोड ठाऊक होती. बॅगेतून पुस्तक काढलं की ते स्वतःच मागून उघडून माझ्यापुढे धरायचे.

गमती म्हणाल, तर वीज केंद्राच्या कॉलनीतले एक इंजिनियर आले होते, मोठ्या हुद्द्यावरचे. म्हणाले, "नर्सरीच्या मुलाखतीसाठी गाईड आहे का?" मुलगा अडीच वर्षांचा, त्यांच्या कडेवर, नाक गळतंय. मी म्हटलं, "साहेब, गाईड नाही, रुमाल आहे." त्यांनी ते फार मनावर घेतलं. पण आठ दिवसांनी परत आले आणि रंगांचं पुस्तक घेऊन गेले.

दुसरे एक मिश्राजी. एमआयडीसीत कापडाच्या कारखान्यात. त्यांनी एकाच परीक्षेची तीन गाईडं मागितली, मराठी, हिंदी आणि इंग्रजी. म्हटलं, "तीन किसलिए?" तर म्हणाले, "काकाजी, घर में हिंदी, गली में मराठी, और स्कूल में इंग्लिश. पता नहीं बेटा सोचता किस में है." मी हसलो. मग त्या पोराला उभं करून तीनही पुस्तकांतला एकेक प्रश्न वाचायला लावला. पठ्ठ्या मराठीत सगळ्यात सुसाट वाचत होता. मिश्राजींचा चेहरा बघण्यासारखा झाला होता!

ही माझी पद्धत होती. पोराला काउंटरसमोर उभं करायचं, मधलं एखादं पान उघडायचं आणि एक प्रश्न मोठ्याने वाचायला लावायचा. सोडवायला नाही, नुसता वाचायला. अडखळतं कुठे, श्वास कुठे घेतं, आकडा आला की आवाज बारीक होतो का, एवढ्यावर मी गाईड ठरवायचो. लोक लांबून यायचे. डहाणूचे, सफाळ्याचे. "काकांनी दिलं ना, मग झालं." मला त्याचा माज होता. चांगलाच होता. आता खरं सांगायचंच आहे तर सगळं सांगतो. मी पोराचं वाचन ऐकायचो, पण डोळे आईबापावर असायचे. पायांतल्या चपला, गळ्यातलं कंपनीचं कार्ड, हातातली पिशवी. पोराने तोंड उघडायच्या आधीच माझं अर्धं ठरलेलं असायचं.

आता त्या वर्षाचं. पालघरच्या बाजूला एक निवासी खाजगी शाळा आहे. नाव घेत नाही, तिचा काही दोष नाही. सहावीत प्रवेश मिळतो, पाचवीत असताना परीक्षा द्यायची. आसपासच्या गावांतल्या काही मुलांना तिथे फुकट शिकवतात, राहणंजेवणंही फुकट. फक्त सहावीत. एकदाच. हुकलं की हुकलं.

त्या परीक्षेचं एकच बरं गाईड होतं आणि मीच ते सगळ्यांना सांगायचो. त्या वर्षी त्याच्या नव्या आवृत्तीत छापणाऱ्याने घोळ घातला. मागे गणिताच्या पाच सराव पेपरांची उत्तरं तक्त्यात छापलेली होती, एका ओळीत आठ घरं. पाचही तक्त्यांत दुसऱ्या ओळीच्या सुरुवातीला एक घर जास्तीचं पडलं, त्यात आठव्याचंच उत्तर पुन्हा छापलेलं. त्यामुळे पहिली आठ उत्तरं बरोबर, आणि नवव्या प्रश्नापासून शेवटपर्यंत सगळी एका घराने सरकलेली. दहाव्याचं उत्तर बघायला जावं तर तिथे नवव्याचं. प्रतिनिधी धावत आला, गुलाबी कागदावर छापलेल्या दुरुस्तीच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा दिला, म्हणाला, "काका, प्रत्येक प्रतीत एक घाला, नाहीतर बोंबाबोंब होईल."

प्रत्येक प्रतीत घालायला किती वेळ लागतो? माझी बायको शैला म्हणाली, "आण इकडे, दुपारी बसून घालते." मी म्हटलं, "राहू दे, विकताना हातात देईन." आणि देत होतो. कॉलनीतल्या बाईंना दिली, क्लासवाल्यांना दिली, कोळगावच्या साहेबांना तर समजावून सांगून दिली. मग गर्दी वाढली. हात दुसऱ्या कामात असले की मी आधी गिऱ्हाईकाकडे बघायचो. हे उद्या भांडायला येईल का? येणारं असलं की वाकून गठ्ठ्यातली चिठ्ठी काढायचो. नसलं तर नाही वाकायचो. हे मी ठरवून केलं नाही, पण केलं.

गणपतीच्या आधी वनिताची आई आली. वाणगावच्या पूर्वेला डोंगराकडच्या एका पाड्यावरची. बरोबर पोरगी, पाचवीतली, दोन वेण्या, हातात नवीकोरी पिशवी. शाळेतल्या गुरुजींनी फॉर्म भरला होता आणि चिठोऱ्यावर गाईडचं नाव लिहून दिलं होतं. मी पद्धतीप्रमाणे पान उघडलं, पोरीला वाचायला लावलं. तिने प्रश्न वाचला आणि न थांबता खाली पर्याय वाचले आणि "तिसरा" म्हणाली. मी म्हटलं, "मी फक्त वाचायला सांगितलं होतं."  आईने तिच्या डोक्यावर हलकेच टपली मारली. मी पुस्तक दिलं. वाकलो नाही.

त्या उत्तराकडे मी लक्षच दिलं नाही. बरोबर होतं की चूक, तेही आठवत नाही.

दिवाळी झाली. भात झोडून झालं की डोंगराकडची बरीच माणसं कामाला बाहेर पडतात, वीटभट्ट्यांवर, पार पावसाळ्यापर्यंत. परीक्षा नाताळाच्या जरा आधी होती. दिवाळीनंतर आठ-दहा दिवसांनी वनिताची आई पुन्हा काउंटरसमोर उभी. पोरगी मागे, पोटाशी वही धरून.

"सायेब, हिला दुसरं पुस्तक द्या. सोपं. याच्यातलं सगळं चुकतं हिचं."

मी वही मागितली. पोरीने दिली. स्वच्छ वही, आडव्या रेघा ओढलेल्या. पेपर गाईडात पेन्सिलीने सोडवायची, मग वहीत नीट उतरवायची आणि मागची उत्तरं बघून स्वतःच लाल पेनाने तपासायची. पहिल्या आठ प्रश्नांना टिक. मग फुली, फुली, फुली, मध्येच एखादी टिक, पुन्हा फुल्या. पान उलटलं, दुसऱ्या पेपरला तसंच. पाचही पेपरांना तसंच. आठपर्यंत टिक आणि पुढे फुल्या. हे बघून एखाद्या अर्धवट शुद्धीतल्या माणसालाही शंका आली असती. मला आली नाही. कारण फुल्या बघून मला नवल वाटलंच नाही.

पोरगी म्हणाली, "पैली आठ येतात मला. मंग चुकतं."

अहो, तिने तोंडाने सांगितलं हो मला! आणि मी शहाणा काय बोललो? "बाळा, पेपरात पहिले प्रश्न सोपेच ठेवतात. खरी परीक्षा पुढे असते." अगदी मास्तरी थाटात, काउंटरवर पेन आपटत. शेजारी उभ्या असलेल्या क्लासवाल्या सरांनीही मान डोलावली. पोरीने पण मान डोलावली.

मग आईने विचारलं, "सायेब, आमी परवा भट्टीवर चाललो. परीक्षा देयाची तं हिला आत्याकडं ठेवावी लागल. नाय तं बरोबर नेतू, धाकटीला तरी सांभाळल. गुरुजी म्हणतात ठेवा. हिचा बाप म्हणतो तुमाला इचारून ये. तुमी रोज एवढी पोरं बघता. तुमीच सांगा, ही करल का?"

मी पुन्हा वही चाळली. एकही गणित वाचलं नाही, शपथेवर सांगतो, एकही नाही. फुल्या मोजल्या. आणि म्हणालो, "या वर्षी राहू दे. पोरीवर उगाच ताण नको. पुढच्या वर्षी बघू."

पुढचं वर्ष नव्हतं. ते मला माहीत होतं, तिला माहीत नव्हतं. नकार गोड करून द्यायची दुकानदारी जीभ, दुसरं काय! गाईड परत घेतलं, चौथीच्या उजळणीचं पुस्तक बदली दिलं. आई "बरं हाय सायेब" म्हणाली. पोरगी गाईडकडे बघत होती. मी ते मागच्या फळीवर टाकलं. दुपारी जेवताना शैलाला सांगितलं, "आज एका बाईला फुकटच्या खटाटोपातून वाचवलं." समाधानाने सांगितलं.

परत आलेल्या गाईडवर पेन्सिलच्या खुणा असल्या की आम्ही त्या खोडून पुस्तक सेकंडहँडच्या फळीवर ठेवायचो. पाच-सहा दिवसांनी, सुट्टीच्या दिवशी, मी ते गाईड आणि खोडरबर घेऊन बसलो. खोडण्याचं काम बिनडोक असतं, रेडिओ लावून करायचं. पहिला पेपर खोडला, दुसरा खोडला. तिसरा अर्धा खोडून झाल्यावर हात थांबला. समासात पोरीने बारीक अक्षरात गणित मांडलं होतं. एका रांगेत चोवीस खुर्च्या, अशा साडेसात रांगा, एकूण खुर्च्या किती? तिने आधी गुणाकार केला होता, एकशे ऐंशी. फुली मारली होती. मग चोवीस सात वेळा लिहून बेरीज केली होती, खाली बारा मिळवले होते, एकशे ऐंशी. पुन्हा फुली. मग तिने ठिपके काढले होते. सात लांब रांगा आणि खाली एक अर्धी, बारा ठिपक्यांची. प्रत्येक ठिपका मोजलेला असणार, कारण पेन्सिलचं टोक कागदात रुतलं होतं. एकशे ऐंशी. आणि त्याच्यावरही फुली.

मी रेडिओ बंद केला. मागचा तक्ता उघडला, गुलाबी चिठ्ठी काढून शेजारी ठेवली आणि उरलेले अडीच पेपर तपासले. तिसऱ्या पेपरात तिचा एक प्रश्न चुकला होता. चौथ्यात दोन. पाचव्यात शेवटी शेवटी तिने स्वतःची बरोबर उत्तरं गिरगटून टाकली होती आणि तक्त्यातली चुकीची उत्तरं शेजारी लिहून ती पाठ करायला घेतली होती. क्लासवाल्यांच्या हुशार बॅचलाही हे पेपर असे सुटले नव्हते. जे दोन पेपर मी खोडले होते ते कसे होते, ते आता मला कळणार नाही, वही पोरीबरोबर गेली होती.

शैलाने सगळं बघितलं आणि एवढंच म्हणाली, "जा. आत्ताच्या आत्ता."

गेलो. इथवर वाचून तुम्हाला वाटेल, चला, माणसाने चूक निस्तरली. थांबा. वाणगावला उतरलो, सहा आसनी रिक्षाने शेवटच्या थांब्यापर्यंत गेलो, पुढे चालत पाड्यावर. घराला कडी. शेजारच्या झोपडीत आत्या, म्हातारी, दाणे निवडत बसलेली. म्हणाली, "गेली ना ती. चार दीस झालं." कुठे? "भिवंडीकडं हाय भट्टी. नाव मला नाय ठावं." मी म्हटलं, कुणाला ठाऊक असेल? म्हातारी म्हणाली, "मुकादमाला. तो वाणगावला टेसनासमोर ऱ्हातो. त्याच्याकडं फोन हाय भट्टीचा." माझ्या हातात ती गुलाबी चिठ्ठी होती. म्हातारीने विचारलं, "काय काम हुतं?" मी म्हटलं, "काही नाही, सहज आलो होतो." सहज! डोंगर चढून, कागद नाचवत.

परीक्षेला अजून महिना होता. वाणगावला परत आलो, मुकादमाचं घर स्टेशनासमोरच, चार पावलांवर. एक फोन करायला सांगायचं होतं. पोरीला परत पाठवा, माझी चूक झाली, ती हुशार आहे. एवढंच. पण ते मुकादमासमोर बोलावं लागलं असतं. मग तिच्या बापाशी, मग गुरुजींशी. मग ते सगळीकडे झालं असतं, की गाईडवाल्या काकांना साधं उत्तर तपासता येत नाही. सीझन चालू होता. मी रस्त्याच्या अलीकडे उभा राहिलो. तेवढ्यात बोईसरकडे जाणारी गाडी फलाटाला लागली. मी पूल चढलो आणि गाडीत बसलो.

नंतर गुरुजींना पत्र लिहिता आलं असतं. शाळेत जाता आलं असतं. शैला आठ दिवस विचारत होती, मग तिने विचारणं सोडलं. नाताळाआधीचा तो परीक्षेचा रविवार आला आणि गेला. मी काय केलं, तर पाड्यावरून आल्याच्या दुसऱ्या दिवशी उरलेल्या सगळ्या प्रतींत चिठ्ठ्या घातल्या. आणि ते गाईड विकलं नाही, गल्ल्याखालच्या कप्प्यात ठेवलं. लोक पूर्वीसारखेच येत राहिले, मीही पूर्वीसारखाच गाईडं निवडत राहिलो. फक्त पोरांना वाचायला लावणं बंद केलं. कुणी विचारलं तर म्हणायचो, आता डोळे साथ देत नाहीत.

याला नऊ वर्षं झाली. गेल्या वर्षी पावसाळ्यात एक मुलगी दुकानात आली. एमआयडीसीत औषधांच्या कंपनीत पॅकिंगला आहे, गळ्यात कार्ड. "काका, पाचवीच्या परीक्षेचं गाईड पायजे. त्याच शाळेचं. माज्या बहिणीला, अंजूला." मी नेहमीप्रमाणे विचारलं, "गणित कसं आहे तिचं? घरी कोण शिकवतं?" ती हसून म्हणाली, "घरात मीच मोठी. पण माजं गणित कच्चं हाय. तुमीच तर सांगितलं हुतं."

मी तिच्याकडे बघितलं. वेण्या नव्हत्या, पण मान डोलवायची तऱ्हा तीच.

तिला खुर्ची दिली. गल्ल्याखालचं गाईड काढलं, चिठ्ठी काढली, दोन्ही तिच्यासमोर ठेवली. बोललो. छापणाऱ्याचा घोळ होता, घरं सरकली होती, तुझी उत्तरं बरोबर होती. तिने पुस्तक जवळ ओढलं. चिठ्ठीवर एक बोट आणि पुस्तकावर एक बोट ठेवून नवव्या प्रश्नापासून खाली जायला लागली. ओठ हलत होते. खुर्च्यांच्या गणितापाशी थांबली. ठिपक्यांवरून बोट फिरवलं. दोन गिऱ्हाईकं येऊन गेली, तिला पत्ता नव्हता. शेवटचा पेपर संपल्यावर तिने वर बघितलं. चेहरा एकदम दहा वर्षांच्या पोरीसारखा झाला होता. "म्हंजे मला येत हुतं?"

"येत होतं."

"सगळं?"

"तीन चुकले होते."

ती हसली. डोळे पुसले, पुन्हा हसली. मग अगदी सरळपणे विचारलं, "तुमाला कवा कळलं, काका?"

खरं सांगायला तोंड उघडलं होतं, देवाशपथ उघडलं होतं. आणि बाहेर काय पडलं? "आत्ता गेल्याच महिन्यात. कप्पा आवरताना सापडलं." इतकी वर्षं मनात घोकत होतो मी हे सांगायचं, आणि वेळ आल्यावर ही माती खाल्ली! तिने गुलाबी चिठ्ठीकडे बघितलं. मग "बरं" म्हणाली. हसू मात्र पुसलं गेलं. तिला आठवण आली असेल जुनी, असं मी स्वतःला समजावलं.

"अंजूचं पुस्तक?" ती म्हणाली.

मी गाईड निवडलं. मागून उघडलं, सगळे तक्ते तिच्यासमोर तपासले, प्रत्येक पेपरचे पाच प्रश्न सोडवून बघितले. तिनेही सोडवले, माझ्या आधी. जाताना तिने जुनं गाईड मागितलं. मी दिलं.

अंजू परीक्षेला बसली, पास झाली, जूनमध्ये वसतिगृहात गेली. मला हे दुसऱ्यांकडून कळलं, कारण वनिता पुन्हा दुकानात आली नाही. पण पाड्यावरच्या दोन बाया आल्या पोरांना घेऊन. म्हणाल्या, वनितानं पाठवलं, म्हणाली गाईडवाले काका निवडून देतात. मी त्यांना गाईडं दिली आणि त्यांच्या तोंडाकडे मला बघवेना. मे अखेर मी दुकान बंद केलं. लोक म्हणाले, वय झालं. मी हो म्हटलं.

श्रावणात एक दिवस शैलाने चहाचा कप समोर ठेवला आणि म्हणाली, "तिच्याशी तरी खरं बोल. आता तुझा सीझन नाही काही." त्याच दुपारी गेलो. पहिली पाळी सुटते त्या वेळी कंपनीच्या गेटसमोर उभा राहिलो. पोरींचा घोळका बाहेर आला, त्यात वनिता. मला बघून थांबली, मैत्रिणींना पुढे जायला सांगितलं.

मी आडवळण न घेता बोललो. "वनिता, त्या दिवशी मी तुझ्याशी खोटं बोललो. मला गेल्या महिन्यात नाही कळलं. तुम्ही भट्टीवर गेलात त्याच आठवड्यात कळलं होतं. परीक्षेला महिना होता."

"माहीत हाय," ती म्हणाली.

मी विचारलं, "कसं?" ती म्हणाली, "आमी पावसाच्या तोंडाला परत आलो ना, तवा आत्यानं सांगलं. पुस्तकवाला आला हुता, हातात गुलाबी कागद हुता, मुकादमाचं घर इचारून गेला. मी लय दिवस इचार करायची, येवढा दुकानवाला आपल्या पाड्यावर कशाला आला आसल. आई म्हणायची, पुस्तक फाटलं आसल त्याच्यासाठी. तुमी त्या दिवशी चिठ्ठी काढली, गुलाबी, तवा समजलं."

म्हणजे मी "आत्ता गेल्याच महिन्यात" म्हणालो तेव्हा तिला सगळं कळलेलं होतं. समोर बसून तिने ते ऐकून घेतलं होतं. 

"मग बोलली का नाहीस?" मी विचारलं. "चार शिव्या घालायच्या होत्यास. दुकानात, सगळ्यांसमोर."

तिने गळ्यातलं कार्ड काढून पर्समध्ये ठेवलं. राग दिसत नव्हता. दिसला असता तर बरं झालं असतं.

"अंजूचं पुस्तक घेयाचं हुतं ना, काका," ती म्हणाली. "तुमाला राग आला आसता, तं मंग कोणाला इचारलं आसतं?"